मातोश्री रमाई आणि सांभाळणारी माणसे

कोकणात दापोलीजवळ वणंद नावाचे गाव आहे. त्या गावी भिकू धुत्रे आणि रुक्मिणी या कष्टकरी दांपत्याच्या पोटी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईंचा जन्म झाला. भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या डोक्यावरून वाहून नेत. ज्या दिवशी बोटी भरून येत त्या दिवशी मजुरी मिळे, ज्या दिवशी येत नसत त्या दिवशी चूल कशी पेटवायची हा रुक्मिणीबाईंचा प्रश्न असे. घरात मुली होत्या आणि शंकर नावाचा लहान मुलगा होता. थोरल्या मुलीचे लग्न झालेले होते. रमा मधली.

प्रथम आई गेली. बाप दुखणाईत होता. खारे पाणी निथळणाऱ्या टोपल्यांच्या ओझ्याने त्याची छाती पार खिळखिळी झाली होती. काही काळाने तोही गेला. लहानग्या रमेच्या मागे तिच्याहून लहान भावंडे होती, आणि गावात त्यांना पोसणारे कुणी नव्हते. अशा वेळी वलंगकर काका आणि गोविंदपूरकर मामा या दोघांनी या मुलांना उचलले आणि मुंबईस आणले. भायखळ्याच्या बाजाराजवळील चाळीत ही भावंडे राहू लागली.

रमाईंच्या चरित्रांतून या काका-मामांच्या वाट्याला एका वाक्यापेक्षा अधिक जागा आलेली दिसत नाही. मुलांना मुंबईला आणले, एवढे सांगून लेखणी लग्नाच्या प्रसंगाकडे वळते. ते स्वाभाविकही आहे, कारण या दोघांनी भाषणे केली नाहीत, संस्था काढल्या नाहीत, मागे कागदपत्रे ठेवली नाहीत. पण क्षणभर थांबून त्या वाक्याचा अर्थ लावून पाहावा. त्या काळातील चाळीतील खोली म्हणजे एका कुटुंबालाही अपुरी पडणारी जागा. पाण्याचा नळ सामाईक, मजुरी रोजची, आणि त्यात आणखी काही पोटांची भर घालायची. गावाकडे पत्र पाठवून हळहळ व्यक्त करणे सोपे होते. या दोघांनी तसे केले नाही. त्यांनी मुले आणली, खाऊ घातली, वाढविली आणि योग्य वेळी मुलीसाठी स्थळही पाहिले. रमाईंच्या पुढच्या साऱ्या आयुष्याकडे पाहताना ही सुरुवात डोळ्यांआड होऊ देता कामा नये, असे मला वाटते.

ज्या घरात रमाई सून म्हणून गेल्या, तेही घर असेच दुसऱ्यांच्या मायेवर उभे राहिलेले होते. सुभेदार रामजी सकपाळ यांचे धाकटे चिरंजीव भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील. निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह प्रथम दापोलीस आणि मग साताऱ्यास आले. साताऱ्यातच १८९६ मध्ये भीमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी भीमराव पाच वर्षांचे होते. आईच्या पश्चात मुलांच्या पाठीशी उभी राहिली ती रामजींची बहीण मीराबाई, मुलांची आत्या. त्या ठेंगण्या होत्या, पाठीला पोक होते, पायांचे दुखणे होते. स्वतःच्या बळावर चालणे-फिरणे त्यांना अवघड जाई. कित्येकदा त्यांना उचलून न्यावे लागे. अशी आत्या मुले सांभाळीत होती आणि मुले आत्याला सांभाळीत होती.

पुढे रामजींना खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी मिळाली. मुले साताऱ्यातच राहिली. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि मृत बहिणीचे दोन मुलगे, अशी ही लेकरे आत्याच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर होती. बाबासाहेबांनी उत्तर आयुष्यात या दिवसांविषयी स्वतः लिहून ठेवले आहे. विवाहित बहिणी आपापल्या सासरी होत्या. आत्याला स्वयंपाक झेपत नसे. मुले शाळेतही जात आणि स्वयंपाकही करीत. भाकरी काही कुणाला थापता येईना, तेव्हा तांदूळ आणि मटण एकत्र शिजवले की झाले, असा सोपा पुलाव हेच बहुतेक दिवसांचे जेवण ठरले.

साताऱ्याच्या या घराचा आणखी एक तपशील सांगण्याजोगा आहे. रामजींनी जिजाबाई नावाच्या स्त्रीशी दुसरे लग्न केले. ही नवी आई भीमरावांना मानवली नाही. आपल्या आईचे दागिने तिच्या अंगावर पाहून त्यांच्या मनात राग भरे. घरी राहायचे नाही, स्वतः कमवायचे, असे त्या मुलाने ठरविले. मुंबईच्या गिरण्यांत पोरांना काम मिळते असे कानावर आले होते. प्रश्न गाडीभाड्याचा होता. आत्याच्या कमरेला पैशांची पिशवी खोचलेली असे आणि मुलगा रात्री आत्याशेजारीच जमिनीवर झोपे. लागोपाठ तीन रात्री त्याने पिशवी काढण्याचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती लागली. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा. सारे घर सांभाळणाऱ्या बाईच्या गाठीला एवढेच धन होते. मुलाला स्वतःची लाज वाटली. पळून जाण्याचा बेत त्याने सोडून दिला आणि अभ्यासाला लागून लवकर आपल्या पायावर उभे राहायचे असा निश्चय केला. पुढील काळात परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दिवस-दिवस बसणाऱ्या विद्यार्थ्याची सुरुवात शोधायची असेल तर ती या पिशवीत सापडेल.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना गोरेगावी बोलाविले. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे असा थाट केला. आत्याला एकटे कसे ठेवावे ही अडचण शेजाऱ्यांनी सोडविली. त्यांनी तिची काळजी घेण्याचे कबूल केले. मसूर स्थानकावर उतरल्यानंतर जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा कसा बदलला, गाडीवान कसे नकार देऊ लागले, दुप्पट भाडे देऊनही मुलांना स्वतः बैलगाडी हाकावी लागली आणि रात्रभर पिण्याचे पाणीही कुणी दिले नाही, हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला आहे. त्या कथेत अस्पृश्यतेचा दाह आहे, आणि तोच मुख्य आहे. परंतु त्याच कथेच्या एका कोपऱ्यात साताऱ्याचे ते अनाम शेजारी आहेत. पांगळ्या आत्याची जबाबदारी त्यांनी घेतली म्हणूनच मुलांना वडिलांकडे जाता आले.

मुंबईला आल्यावर रामजींचे बिऱ्हाड परळच्या डबक चाळीत एका खोलीत होते. तीच खोली स्वयंपाकघर, तीच सरपणाची जागा आणि तीच अभ्यासिका. उशाशी जाते, पायाशी बकरी, अशा स्थितीत भीमरावांनी मॅट्रिकचा अभ्यास केला. थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण सोडून कारखान्यात नोकरी धरली, कारण दोघांना शिकविणे वडिलांना शक्य नव्हते. पुस्तक घ्यायचे असले आणि खिसा रिकामा असला की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. बहिणींनी दिलेल्या दागिन्यांवर भावाचे शिक्षण झाले, ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागणार आहे.

याच मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे लक्ष गेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच पुढाकार होता. केळुसकर गुरुजी ना नात्याचे, ना जातीचे. जाता जाता एक गोष्ट मनात येते. सिद्धार्थ गौतमाची आई महामाया त्याच्या जन्मानंतर सात दिवसांतच गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला आपल्या अंगावर वाढविले. आत्याच्या छायेत वाढलेल्या मुलाच्या हाती मावशीने वाढविलेल्या मुलाचे चरित्र पडले होते. त्याने ते वाचताना या साम्याकडे पाहिले असेल की नाही, कोण जाणे.

रमा आणि भीमराव यांचा विवाह १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात झाला. वराचे वय पंधराच्या आसपास, वधू जेमतेम आठ-नऊ वर्षांची. मंडप उभारण्याची ऐपत नव्हती. दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री त्या उघड्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडील माणसे आणि दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडील माणसे बसली. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच पाहुण्यांची आसने होती. पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाट होऊन बाजार पुन्हा भरण्यापूर्वी सारे आवरायचे होते. एका बाजूला आई नसलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला आईबाप दोन्ही नसलेली मुलगी. कन्यादान करायला बाप नव्हता, काका-मामा होते.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस रवाना झाले. ज्येष्ठ पुत्र यशवंत यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. वडील बोटीत बसले तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. पुढील चार वर्षे न्यूयॉर्क आणि लंडन, मग तीन वर्षे मुंबई-बडोदा, आणि १९२० ते १९२३ पुन्हा लंडन. म्हणजे यशवंताच्या पहिल्या दहा वर्षांपैकी सुमारे सात वर्षे वडील समुद्रापलीकडे होते. या काळात परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत कोण होते? रमाई होत्या, दीर आनंदराव होते, जाऊ लक्ष्मीबाई होत्या, आणि रमाईंचे भाऊ शंकरराव व धाकटी बहीण यांचाही आधार होता. वणंदहून ज्या लहान भावाला काका-मामांनी आणले होते, तोच आता मजुरी करून बहिणीच्या घरातील चूल पेटती ठेवीत होता. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, त्या विकून घर चालविले, ही आठवण आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

बाबासाहेबांची परदेशातील साधना आपण नेहमी एकट्या माणसाची तपश्चर्या म्हणून वर्णितो. पावाच्या तुकड्यावर काढलेले दिवस, ग्रंथालय बंद होईपर्यंतचे वाचन, सारे खरे आहे. परंतु घरी मूल आजारी आहे म्हणून त्यांना बोट पकडून परत यावे लागले नाही. घरी कुणीतरी होते. हे कुणीतरी म्हणजे एक व्यक्ती नव्हती. ते नात्यांचे जाळे होते आणि त्याची मध्यगाठ रमाई होत्या. बाप हजर नसताना बापाची उणीव पूर्णपणे भरून निघते, असा दावा मी करणार नाही. यशवंतरावांच्या बालपणात ती उणीव राहिलीच असेल. तरीही ते वाढले, आणि पुढे बौद्ध महासभेची धुरा त्यांनी वाहिली.

सांभाळणाऱ्यांनी सर्वस्व ओतले तरी गरिबी मुलांना ओढून नेते, हेही या घराने पाहिले. रमाई-भीमरावांना पाच अपत्ये झाली: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढा वाचला. तीन मुलगे आणि एक मुलगी यांना आईने आपल्या हातांनी निरोप दिला. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. तो बापाचा फार लाडका होता. त्याच्या जाण्यानंतर बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या मोडून पडलेल्या मनाची जी कबुली दिली आहे, ती वाचवत नाही. आईच्या दुःखाचा कागद मात्र मागे राहिलेला नाही. गंगाधरच्या अंत्यविधीला कापड आणण्यासही पैसे नव्हते आणि आईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, ही हकीकत आपण भीमगीतांतून ऐकत आलो आहोत.

राजरत्नाच्या मृत्यूनंतरच्या रमाईंविषयी लिहिताना अनेकजण त्यांना केवळ सोसणारी, देव्हाऱ्यात बसविण्याजोगी मूर्ती करून टाकतात. मला त्या तशा दिसत नाहीत. चार मुले गमावलेली बाई दार लावून घेऊ शकली असती. रमाईंनी दार उघडे ठेवले. आनंदरावांच्या निधनानंतर त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच घरात राहिले. पुतण्या मुकुंद आणि मुलगा यशवंत ही जोडी एका ताटात जेवणारी झाली. ज्या दिराने आपले शिक्षण सोडून धाकट्या भावाला शिकू दिले, त्याच्या मुलाला पोरकेपणा जाणवू द्यायचा नाही, एवढा हिशेब या घराला कळत होता. जावांमध्ये कुरबुरी झाल्या नसतील असे नाही. एका छपराखाली तंगीत दिवस काढणाऱ्या बायकांमध्ये त्या होतातच. पण मुले त्या कुरबुरींच्या वर ठेवली गेली.

आपल्या शाळेच्या प्रवेशअर्जात पालकाचे नाव असा एक रकाना असतो. आईवडील ऊसतोडीला गेलेली, कारखान्याच्या हंगामात सहा-सहा महिने घर नसलेली मुले दिवाळीच्या सुमारास आजीचे बोट धरून आपल्याकडे येतात. कधी त्या रकान्यात मामाचे नाव असते, कधी चुलत्याचे, कधी नुकतीच नोकरीला लागलेल्या थोरल्या बहिणीचे. स्नेहसंमेलनात आपण पालकांचे आभार मानतो तेव्हा ही माणसे मागच्या रांगेत बसलेली असतात. आपण पालक आहोत की नाही, अशा संकोचाने ती टाळ्या वाजवितात. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना हे चेहरे ओळखीचे वाटतील.

बाबासाहेबांच्या कार्याकडे या बाजूने पाहिले की वसतिगृहे त्यांना इतकी महत्त्वाची का वाटली, याचाही उलगडा होतो. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. गावात शाळा नाही, शहरात नातेवाईक नाही आणि भाड्याने खोली तर कुणी देत नाही, अशा मुलाला काका-मामा कोठून मिळणार? ज्याला भायखळ्यात मामा होता तो तगला. ज्याला नव्हता त्याच्यासाठी वसतिगृह हवे होते. १९२८ नंतर सरकारी साहाय्याने आणखी वसतिगृहे उभी राहिली. त्यांतील एक धारवाडला होते. त्याची व्यवस्था बळवंतराव वराळे पाहत.

रमाईंची प्रकृती तोवर खालावली होती. हवापालट म्हणून त्या काही दिवस धारवाडला वराळे यांच्याकडे राहावयास गेल्या. वसतिगृहातील लहान मुले आवारात खेळत, गोंगाट करीत. रमाईंना त्यांचा लळा लागला. एके दिवशी अंगण शांत झाले. दुसऱ्या दिवशीही मुले बाहेर आली नाहीत. चौकशी केल्यावर वराळे यांनी संकोचाने सांगितले की अनुदान आलेले नाही, दुकानदार उधार देत नाही, मुले उपाशी आहेत आणि पैसे येण्यास आणखी दिवस लागतील. रमाई आत गेल्या. हातातील सोन्याच्या बांगड्या काढल्या, कपाटातून दागिन्यांचा डबा काढला आणि दोन्ही वराळे यांच्या स्वाधीन केले. ते विकून वा गहाण टाकून मुलांच्या जेवणाची सोय ताबडतोब करावी, असे सांगितले. त्या दिवशी मुले जेवली. आणि अंगण पुन्हा गजबजले.

हा प्रसंग आपल्या प्रत्येक जयंतीला सांगितला जातो; व्यासपीठावरून त्याला रंगही चढविला जातो. मला त्यातील साधेपणा अधिक मोलाचा वाटतो. मोठमोठ्या पगाराच्या माणसांनाही मुलांच्या भुकेपुढे कागद आठवतात: मंजुरी, देयक, पुढील महिना. रमाईंना ते आठवले नाहीत, कारण त्या स्वतः अशाच कुणाच्या तरी अन्नावर वाढल्या होत्या. त्या घराला ही रीत नवीनही नव्हती. सासऱ्यांनी मुलींचे दागिने गहाण टाकून पुस्तके आणली होती. सुनेने आपले दागिने देऊन तांदूळ आणवला. फरक एवढाच की सासऱ्यांनी ते स्वतःच्या मुलासाठी केले होते. धारवाडची मुले कुणाची होती, कोणत्या गावची होती, हे रमाईंनी विचारले असेल असे वाटत नाही. त्या मुलांनी मात्र त्यांना आई मानले. सरकारदरबारी रमाबाई असणारी ही बाई आपल्या लोकांत रमाई झाली, त्या नावातील आई हे अक्षर अशा लेकरांनी जोडलेले आहे.

वराळे यांच्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. वसतिगृहाचा अधीक्षक हे पद कागदावर नोकरीचे असले तरी प्रत्यक्षात ते मामाचे काम असते. रात्री कुणाला ताप आला, कुणाला गावाची आठवण येऊन रडू कोसळले, कुणाचे पत्र आले नाही, हे सारे त्याच्यापाशी येते. अनुदान थांबल्यावर मुलांसमोर उभे राहण्याची वेळही त्याच्यावरच येते. आपल्या शाळेच्या जुन्या अधीक्षकांना हे वाचताना आपापल्या रात्री आठवतील.

१९३० नंतरची वर्षे बाबासाहेबांसाठी गोलमेज परिषदांची होती, म्हणजे पुन्हा लंडन आणि पुन्हा घरापासून दूर. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले तेव्हा चाळीतील दोन खोल्यांचे दिवस संपले. प्रशस्त घर आले, पण तोवर रमाईंचे शरीर थकून गेले होते. राजगृहात मुकुंद होता, यशवंत होता, लक्ष्मीबाई होत्या. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी रमाईंची प्राणज्योत मालवली. वय अवघे सदतीस. हजारोंच्या समुदायाने वरळीच्या स्मशानभूमीपर्यंत त्यांना पोहोचविले. त्या गर्दीत ज्यांनी कधीकाळी त्यांच्या हातचे जेवण घेतले होते, अशी किती माणसे असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० च्या अखेरीस, बाबासाहेबांचा पाकिस्तानविषयक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आहे. राजकारण, लोकसंख्या आणि सीमारेषा यांच्या त्या जाडजूड ग्रंथाच्या आरंभी रमाईंचे घरगुती नाव, रामू, छापलेले आहे. तिच्या मनाचा चांगुलपणा, उदात्त वृत्ती आणि निर्मळ चारित्र्य यांचा त्यात उल्लेख आहे. आणि विवंचनेच्या ज्या दिवसांत मित्र म्हणून कुणी नव्हते, त्या दिवसांत आपल्यासह सोसण्याची तिने दाखविलेली शांत तयारीही त्यांनी तेथे नोंदविली आहे.